आपण नववीत होतो तेव्हा



स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा गॅदरिंग, सहल आणि डब्यातल्या ठेच्याबद्दल इतरजण लिहितीलच असं वाटलं. म्हणून मी आपल्या नववीच्या वर्षाचा, म्हणजे १९९३-९४ चा, थोडा इतिहास लिहिते आहे. जन्मभर संगणकाशी बोलणाऱ्या विद्यार्थिनीने इतिहासात लुडबुड केली म्हणून इतिहासाच्या बाईंनी रागावू नये.

निमित्त माझ्या मुलीचं. स्वीडनमधल्या ग्रेटा थनबर्गने ऑगस्ट २०१८ मध्ये, वयाच्या १५ व्या वर्षी, शाळा सोडून संसदेबाहेर एकटीने फलक घेऊन बसायला सुरुवात केली. वर्षभरात ते लोण जगभर पसरलं. २० सप्टेंबर २०१९ च्या शुक्रवारी अनेक देशांतली मुलं हवामान बदलासाठी रस्त्यावर उतरली. पुण्यात माझी लेकही पुठ्ठ्याचा फलक रंगवून निघाली. जाताना तिने विचारलं, "आई, तुमच्या वेळी मुलं असं काही करत नव्हती का?" मी सहज म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतंच."

नंतर वाचत गेले, तेव्हा कळलं की मी तिला चुकीचं उत्तर दिलं होतं.

आपण आठवीत गेलो त्याच जूनमध्ये, १९९२ साली, ब्राझीलमध्ये रिओ येथे वसुंधरा परिषद भरली. तिथे कॅनडाची १२ वर्षांची सेव्हर्न कलिस-सुझुकी देशोदेशींच्या प्रतिनिधींसमोर बोलली. प्रवासाचे पैसे तिने आणि तिच्या मैत्रिणींनी स्वतः जमवले होते. ती १९७९ ची, म्हणजे थेट आपल्याच बॅचची!

पण रिओ दूर राहिलं. आपल्याच महाराष्ट्रात, सातपुड्यात, नर्मदेकाठी सरदार सरोवराचं पाणी चढत होतं. राज्यातली ३३ आदिवासी गावं बुडितात जाणार होती, त्यात मणिबेली पहिलं. तिथली मुलं मोर्चात आईबापांबरोबर चालत होती. त्यांच्यासाठी आंदोलनाने जीवनशाळा काढल्या होत्या. नोव्हेंबर १९९३ मध्ये तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या अक्राणी भागात सर्वेक्षणाला गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि रेहमल पुण्या वसावे हा मुलगा मारला गेला. वय १५ वर्षं. आपण तेव्हा नववीत होतो. तो आपल्याहून जेमतेम वर्षाने मोठा. त्याचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते चाळिशीला आल्यावर.

आणि आपला जिल्हा? १९३० साली गांधीजींनी मीठ उचललं. वऱ्हाडाला समुद्र नाही, मग कायदा मोडायचा कुठे? उत्तर जंगलात सापडलं. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातलं गवत कापणं हा गुन्हा ठरत होता, आणि इथल्या शेतकऱ्याची गुरं त्याच गवतावर जगत. १० जुलै १९३० रोजी वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. हेडगेवारांच्या तुकडीने तेच केलं. पर्यावरण हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. पण जंगल कुणाचं आणि त्यावर पोट कुणाचं, हा प्रश्न तोच होता. आपण हा धडा 'कारणे द्या'साठी पाठ केला, दोन गुण मिळवले आणि विसरलो.

आता एक कबुली. नववीतच माझ्या 'वृक्ष आपले मित्र' या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. त्याच आठवड्यात सायकल स्टँडसाठी पाण्याच्या टाकीजवळचा कडुनिंब तोडला गेला. आठवतं? मधल्या सुट्टीत आपण सगळे त्याच्याखालीच डबा खायचो. कुऱ्हाडीचे घाव ऐकत आपण वर्गात बसून राहिलो. कुणी विचारलं नाही, "सर, स्टँड चार हात पलीकडे नाही का होणार?" मीसुद्धा नाही. बक्षीस मात्र घेतलं. कदाचित विचारलं असतं तर सरांनी ऐकलंही असतं. विचारायचं असतं, हेच आपल्याला ठाऊक नव्हतं.

२०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटले आणि यवतमाळात टँकरसाठी रांगा लागल्या. माझी आई सत्तरीत ड्रम घेऊन उभी होती. मी पुण्यातून रोज फोन करत होते. त्याने ड्रम भरत नव्हता. तेव्हा तो कडुनिंब पुन्हा आठवला. एका झाडाने धरण भरत नसतं, हे मला कळतं. पण गप्प बसायची सवय लहानपणीच लागते, हेही कळतं.

म्हणून मेळाव्याच्या समितीला एक विनंती. सत्कार आणि जेवण यांच्यामध्ये एक तास आजच्या नववीच्या मुलांना द्यावा. त्यांनी शाळेबद्दल, गावाच्या पाण्याबद्दल जे विचारायचं ते विचारावं, आणि आपण, तीस वर्षांनी का होईना, खाली बसून ऐकावं. सायकल स्टँडजवळ जागा आहे. मी सतरंजी आणते.