गोळी कधी थांबवायची? वऱ्हाडातील कुष्ठरोग आणि एक जुना वाद (धागा)

१/ चट्टा मावळला, दुखणे-खुपणे उरले नाही. मग गोळी आणखी किती वर्षे घ्यायची? कुष्ठरोगाच्या उपचारात रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये हा वाद अनेक दशके चालला. वऱ्हाडाने तो जवळून पाहिला. त्याचा निकाल मात्र कोणा एकाच्याच बाजूने लागला नाही.

२/ १९४६ साली स्वातंत्र्यसैनिक डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धन यांनी अमरावतीत तपोवन उभारले. घराने आणि गावाने टाकलेल्यांना तेथे निवारा, उपचार व हाताला काम मिळाले. परतवाड्याजवळील कोठारा येथील मिशनचे कुष्ठरुग्णालयही याच जिल्ह्यातले.

३/ तोवर मुख्य भिस्त चौलमोगऱ्याच्या तेलावर होती. त्याची इंजेक्शने वेदनादायक, आणि गुण शंकास्पद. १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन गटातील औषधाचा प्रयोग झाला. पुढे त्याच गटातील डॅप्सोन ही स्वस्त गोळी आली. १९५५ च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने ती खेड्यापाड्यांत पोहोचवली.

४/ डॉक्टरांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय मंद. एकाचे दोन होण्यास त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. चट्टा दिसेनासा झाला तरी तो त्वचेत व मज्जातंतूंत दडून राहू शकतो. म्हणून शरीरात जंतूंची संख्या मोठी असलेल्यांना ही गोळी आयुष्यभर घेण्यास सांगितले जाई.

५/ रुग्णाचा हिशेब वेगळा होता. दवाखाना गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडे. कापूसवेचणीच्या हंगामात ते अधिकच जड. रांगेत कोणी ओळखीचे भेटले तर मुलीचे लग्न अडण्याची धास्ती. शिवाय उपचार चालू असतानाच कधी अंगावर सूज येई, गाठी उठत, ताप भरे. वैद्यकात या अवस्थेला ‘रिॲक्शन’ म्हणतात. रुग्णाला वाटे, औषधच बाधले. मग गोळ्या बंद.

६/ याची किंमत भयंकर होती. उपचार सुटला की रोग पुन्हा उचल खाई. एकदा मज्जातंतू निकामी झाला, की बोटांची गेलेली संवेदना सहसा परतत नसे. चूल पेटवताना हात भाजला तरी कळत नसे. अशा रुग्णांवर ‘अडाणी’, ‘बेफिकीर’ असे शिक्के बसत.

७/ पण दोष एकट्या रुग्णाचा नव्हता. १९६४ मध्ये मलेशियातील रुग्णांमध्ये डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध झाले. अनियमित सेवन हे त्याचे एक कारण. मात्र वर्षानुवर्षे एकाच औषधावर विसंबणे आणि मात्रा अपुरी ठेवणे, हे निर्णय वैद्यकाचेच होते.

८/ १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली: रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. ‘आयुष्यभर’ जाऊन ठरावीक मुदत आली. सौम्य प्रकारासाठी ६ महिने, जंतूंची संख्या मोठी असलेल्यांसाठी किमान २ वर्षे. हीच मुदत पुढे १२ महिन्यांवर आली. महिन्यातून एक मात्रा कार्यकर्त्यासमोर घ्यायची. वऱ्हाडाशेजारचा वर्धा हा उपचार सुरू झालेल्या देशातील सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक.

९/ तरीही वाद संपला नाही. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते, रिफाम्पिसिनने लघवी लाल होते. ज्या रोगाची ओळख लपवण्यासाठी माणूस धडपडत होता, ती आता औषधच चेहऱ्यावर उमटवू लागले. हा रंग औषध संपल्यावर हळूहळू उतरतो, हे पहिल्याच दिवशी कळले नसेल, तर त्याने पुढची पाकिटे का घ्यावीत?

१०/ डिसेंबर २००५ अखेर देशात कुष्ठरोगाचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे एका रुग्णाच्या खाली आले. या यशात औषधांची ताकद होतीच. पण ‘किती दिवस?’ या रुग्णाच्या प्रश्नाला प्रथमच निश्चित उत्तर मिळाले, त्याचाही वाटा होता. गोळी मनानेच थांबवणाऱ्यांनी बोटे गमावली. आणि ती का थांबली, हे ज्यांनी कधी विचारले नाही, त्यांनी ती बोटे वाचवण्याची संधी गमावली.