कार्ब्युरेटरची उलटी वाट
जुन्या मोटारीचा, हवेच्या ओढीनें पेट्रोल खेंचणारा कार्ब्युरेटर काढून तिला विजेच्या नियंत्रणाची इंधन-फवारणी बसविणें म्हणजे तिचें मूळ रूप मोडणें, असा आक्षेप कांहीं रसिक घेतात. इतिहास निराळी साक्ष देतो. अमेरिकेंत १९५८ सालीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या मोजक्या गाड्यांना बेंडिक्सची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ फवारणी बसविली होती. कल्पना उत्तम, पण तिचे विद्युत्-घटक उष्णतेपुढें टिकेनात, आणि त्यांतील बहुतेक गाड्यांवर मागाहून कार्ब्युरेटरच चढविण्यांत आला! पुढें जर्मनींत बॉशनें तें तत्त्व सुधारून १९६७ सालीं फोक्सवॅगनच्या गाडींत रुळविलें. मग १९५८ च्या एखाद्या डीसोटोस पुन्हां फवारणी देणाऱ्यास आम्ही मूर्तिभंजक कसें म्हणावें? इतर गाड्यांपुरतें आमचें मागणें एवढेंच कीं, काढलेला कार्ब्युरेटर भंगारांत न टाकतां गाडीबरोबर जपावा.