कंदील हाती घ्या

साल 1969. मस्कतच्या तटबंदीबाहेर तुम्ही उभे आहात आणि सूर्य मावळून तीन तास होत आलेत. पाय उचला. मिरानी किल्ल्यावरून तोफेचा आवाज झाला की वेशीचा दरवाजा लागेल, मग उजाडेपर्यंत कुणी आत घेणार नाही. कंदीलही पेटवून ठेवा. तोफेनंतर दिव्याशिवाय गल्लीत फिरायला इथे मनाई आहे.

आत शिरलात. समुद्राची दमट, खारी हवा अंगाला चिकटते. भोवतालचे उघडे काळे डोंगर दिवसभराची धग अजून सोडतायत. तुम्हाला इथे येऊ दिलं हेच नवल, कारण परदेशी माणसाला परवानगी द्यायची की नाही हे सुलतान सईद बिन तैमूर स्वतः ठरवतात, आणि ते सहसा नाहीच म्हणतात. तेलाची निर्यात सुरू होऊन दोन वर्षं झालीत, तरी साऱ्या देशात डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर आणि शाळा तीन. खिशातल्या नोटा कंदिलापाशी धरून पाहा. रुपये आहेत! भारतात त्या चालायच्या नाहीत; रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये खास आखातासाठी काढलेल्या या नोटा. कुवेत आणि बहारीनने त्या केव्हाच सोडल्या, मस्कतने अजून सोडलेल्या नाहीत. भारताशी नातं नोटांपुरतंच नाही: सुलतानांचे वडील तैमूर बिन फैसल 1932 मध्ये गादीवरून उतरले, पुढे मुंबईत राहिले आणि चार वर्षांपूर्वी तिथेच वारले.

पुढच्या वर्षी, 23 जुलै 1970 ला, सुलतान सईद यांचा मुलगा काबूस वडिलांना बाजूला सारून सत्ता हाती घेईल. रस्ते, दवाखाने, शाळा उभ्या राहतील. परदेशी पाहुण्याला ओमानची ओळख करून देणारे बहुतेक जण गोष्ट इथूनच सुरू करतात: आधी सगळा अंधार, मग तेल आणि उजेड. तो बदल खरा आहे आणि मोठाही. पण ओमान म्हणजे एवढंच असं समजणं हा या देशावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. तेल हा इथला सगळ्यात वरचा, पातळ थर. खाली उतरायचं तर आणखी मागे चला.

सतरावं शतक उलटत आलंय. तुम्ही निझव्यात आहात, डोंगरांपलीकडच्या जुन्या राजधानीत. 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकावणाऱ्या इमाम सुलतान बिन सैफने बांधलेला प्रचंड गोल बुरूज समोर दिसतोय. बुरूज नंतर पाहा. आधी खजुरीच्या बागेत उतरा, कारण हा देश ज्यावर जगला ते तिथे वाहतंय.

पायाशी हातभर रुंदीचा पाट आहे. त्यातलं पाणी डोंगराच्या पायथ्याशी, जमिनीच्या पोटात अडवलेलं. तिथून बोगदा खणून, अगदी बेताचा उतार ठेवून, कसल्याही यंत्राशिवाय ते गावापर्यंत आणलंय. याला फलज म्हणतात. पाणी गावात शिरतं तिथे प्रथम पिण्याचं भरून घ्यायचं. तिथे कुणालाही अडवत नाहीत, वाटसरूलाही नाही, तेव्हा तुम्हीही ओंजळ भरून प्या. पुढे मशीद, मग न्हाणीघरं, त्यानंतर खजुरी, आणि उरलं तर हंगामी पिकं. उन्हाळ्यात पाणी घटलं की पिकांचं आधी तुटतं. खजुरीची झाडं मात्र जगवायची, कारण ती वाढायला वर्षं जातात.

प्रत्येकाचा वाटा वेळेत मोजलेला. दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीची सावली पाहतात, रात्री ठरावीक तारे उगवताना पाहतात. एखादा शेतकरी मध्यरात्री आकाशाकडे मान करून बसतो, आपला तारा दिसताच पाटाचा बोळा काढून पाणी आपल्या वाफ्यात वळवतो, आणि पाळी संपताच पुढच्यासाठी सोडतो. वाटे वारशाने येतात, विकले जातात, भाड्याने दिले जातात. काहींचा लिलाव होतो आणि त्या पैशातून फलज दुरुस्त होतो. हिशेब राखायला गावाने नेमलेला ‘वकील’, म्हणजे कारभारी, असतो. राज्य चालवणारा इमाम विद्वानांनी निवडायचा, ही इथल्या इबादी पंथाची जुनी रीत. राज्य करणाऱ्या घराण्यांनी ती पुष्कळदा मोडली. पाण्याची रीत मात्र घराण्यांच्या भांडणांतूनही टिकली, आणि म्हणून मला ती किल्ल्यांहून मोठी वाटते.

आता दक्षिणेला, धोफारच्या किनाऱ्यावर. पहिलं शतक, सुम्हुरम बंदर. मागच्या कोरड्या पठारावर धुपाच्या झाडांच्या साली खरवडल्यात; पाझरलेला चीक वाळून खडे झालेत आणि उंटांवरून इथे आलेत. भडोचहून परतणारी गलबतं हिवाळ्यासाठी थांबलीत, कापड, गहू आणि तिळाचं तेल देऊन धूप भरून घेतायत. इथे भारतातून आलेली स्त्रीची एक छोटी काशाची मूर्ती पुढे उत्खननात सापडणार आहे. हाच समुद्र धरून 1840 मध्ये ओमानचं ‘सुलताना’ जहाज न्यूयॉर्कला पोचेल. ते बांधलेलं असेल मुंबईच्या माझगावात.

जून उजाडला की गलबतं किनारा सोडत नाहीत. नैर्ऋत्येचा वारा ढग आणतो, धोफारच्या डोंगरांना भिडवतो, आणि झिमझिम सुरू होते. कोकणाला झोडपणारा मोसमी पाऊस इथे धुक्यासारखा उतरतो. डोंगर हिरवे होतात.

आजही होतात. म्हणून आता या काळात परत या आणि जायचं ठरवा. मुंबईहून निघालात तर घड्याळ दीड तास मागे करा. हिरवळ पाहायची तर जुलै-ऑगस्टमध्ये धोफारमधलं सलाला गाठा. बाकी देशासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा, एरवी ऊन सोसत नाही. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घ्या. मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत इतर धर्मीयांना शुक्रवार सोडून सकाळी जाता येतं, बायकांनी केस झाकायचे. मग निझव्याला जा. फलज दारिस अजून वाहतोय. 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या पाच फलजांपैकी तो एक. कुणी घरी बोलावलं तर नाही म्हणू नका. खजूर आणि वेलदोड्याची बिनसाखरेची कॉफी समोर येईल, उजव्या हाताने घ्या. कप रिकामा झाला की यजमान पुन्हा भरेल. पुरे झाली की कप हातात किंचित हलवून परत द्या.