नाक्यापलीकडची मैत्रीण

आमच्या घरात आठवणी टांगायला दोन खुंट्या होत्या : सत्तरची दंगल आणि चौऱ्याऐंशीची. मामाचा जन्म सत्तरच्या आधीचा, मावशीचं लग्न चौऱ्याऐंशीनंतरचं. भिवंडीत धामणकर नाक्याच्या आसपास वाढलेल्या पुष्कळांना ही कालगणना ओळखीची वाटेल.

आजोबा सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमध्ये कामाला होते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडी पेटली, त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलत ते त्याआधीच्या वर्षांबद्दल. मिरवणूक कुठल्या रस्त्याने न्यायची, घोषणा कुठल्या द्यायच्या, मशिदीपुढे गुलाल उधळायचा की नाही, यावरून दरवर्षी कुरबूर व्हायची आणि दरवर्षी थोडी वाढायची. "एका दिवसात काही झालं नाही रे," ते म्हणत. "सगळ्यांना दिसत होतं. पण एकमेकांच्या दारात जाऊन बोलणारं कोणी उरलं नव्हतं." पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी केली. त्या अहवालातही हा वर्षानुवर्षं साचत गेलेला ताण सविस्तर आला आहे. आजोबांनी अहवाल वाचला नव्हता. त्यांनी ती वर्षं पाहिली होती.

आईची गोष्ट १९८४ ची. ती तेव्हा चौदा वर्षांची. चाळीत पलीकडच्या खोलीत एक मोमीन कुटुंब राहायचं. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या ज्या पिढ्या भिवंडीत रुजल्या, त्यांतलंच ते घर. त्या घरातल्या मुलीशी आईची गट्टी. शाळा वेगळ्या. आईची मराठी शाळा सकाळची, तिची उर्दू शाळा दुपारची. संध्याकाळी दोघी मागासाठी कांड्या भरायला बसत. त्या पैशांतून दोघींनी मिळून एक छत्री घेतली. शाळेच्या वेळा वेगळ्या, म्हणून एकच पुरायची. आई बारा-साडेबाराला घरी यायची, जिन्यातच छत्री तिच्या हातात द्यायची आणि ती तशीच ओली छत्री उघडून निघायची. काळ्या कापडाची, लाकडी मुठीची. मुठीवर कोणाचं नाव कोरायचं यावरून भांडण झालं, म्हणून कोणाचंच कोरलं नाही.

मे महिन्यात दंगल झाली. भिवंडीतून ती ठाणे-मुंबईपर्यंत गेली आणि अडीचशेहून अधिक माणसं मेली. आमच्या चाळीत कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही, पण संचारबंदी सैल झाल्याबरोबर ते कुटुंब नातेवाइकांकडे, नाक्याच्या पलीकडच्या वस्तीत गेलं ते कायमचं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा छत्री आमच्याकडे राहिली होती. मैत्रिणीचं नवं घर आईला माहीत होतं. पायी पंधरा मिनिटं. आजीने जाऊ दिलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मग आईनेच विचारणं सोडलं.

मेलेल्यांची मोजदाद आयोग करतात, जळालेल्या मागांची नुकसानभरपाई ठरते. हे पंधरा मिनिटांचं अंतर कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. माझ्या मते भिवंडीचं सर्वांत मोठं नुकसान तेच आहे. प्रत्येक दंगलीनंतर मिश्र चाळी रिकाम्या होत गेल्या, 'आपली' वस्ती आणि 'त्यांची' वस्ती पक्की होत गेली. आईला मैत्रीण जिन्यात भेटली होती. आजच्या मुलांना तो जिनाच नाही.

या गावाने मार्ग शोधला नाही असं मात्र नाही. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं समान संख्येने, सोबत त्या भागाचा पोलीस अधिकारी, आणि बैठका नियमित. आजोबा एका कमिटीत होते. ते सांगत, पहिल्या बैठकीत धर्माचा शब्दही निघाला नाही, सगळा वेळ एका तुंबलेल्या गटारावर गेला. दोन्ही गल्ल्यांना त्याचा सारखाच त्रास होता. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे मिळून नगरपालिकेत गेले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे नऊशे माणसं मारली गेली, भिवंडी शांत राहिली. त्या रात्री चौकात जागणारे होते ते गटारवालेच. खोपड्यांनी पुढे पुस्तक लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही भिवंडीचा हा दाखला जगापुढे ठेवला.

पण कमिट्यांत बसणारे सगळे बाप्ये आणि कर्ते. चौदा-पंधरा वर्षांचं कोणी नव्हतं. बैठका विरळ झाल्या तशी ती ओळख त्या पिढीबरोबर संपत आली. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून गोळीबार झाला, दोन नागरिक गेले आणि त्या रात्री दोन पोलीस शिपाई जमावाने मारले, तेव्हा आजोबा एवढंच म्हणाले, "पोरांना कोणी ओळखत नव्हतं."

मुलांना एकत्र आणायचे प्रयोग झाले आहेत. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं १९४१ पासूनची. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईच्या मोहल्ला कमिटी चळवळीने वस्त्यांतल्या पोरांसाठी क्रिकेट सामने भरवले. १९९३ मध्ये अमेरिकेत 'सीड्स ऑफ पीस' सुरू झालं. तिथे आधी इस्रायली-पॅलेस्टिनी आणि पुढे भारत-पाकिस्तानची मुलं एका छपराखाली राहिली. उत्तर इराकमधला सल्मा मूसा यांचा अभ्यास मला यांत सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे ख्रिस्ती तरुणांच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. हंगामानंतर ते ख्रिस्ती खेळाडू पुन्हा मिश्र संघात नाव नोंदवायला आणि मुस्लिमांबरोबर सराव करायला जास्त तयार होते. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांविषयी मात्र फारसा फरक पडला नाही.

याचा अर्थ खेळ व्यर्थ गेला असा नाही. मैत्री त्या-त्या माणसाशी होते, समाजाशी नव्हे, आणि तिला महिने लागतात. शाळांतून होणारी एकात्मतेची फेरी, फलक, फोटो, केळी-बिस्किटं, तासाभरात सगळे आपापल्या बसमध्ये : याने कोणाची मैत्री होत नाही. दोन बाकांवर समोरासमोर बसवलेली मुलं पाहुण्यांसारखी वागतात. एका संघात घातलेली मुलं एकमेकांवर ओरडतात, आणि ओरडता येणं हीच सुरुवात आहे.

धामणकर नाक्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात मराठी, उर्दू आणि पद्मनगरच्या विणकरांच्या मुलांसाठीची तेलुगू, अशा शाळा आहेत. त्यांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. आठवी-नववीचे मिश्र संघ करा, मुलींचेही. कबड्डीचे, क्रिकेटचे, विज्ञान प्रदर्शनाचे. जूनमध्ये बांधा आणि फेब्रुवारीपर्यंत मोडू नका. सराव आळीपाळीने एकमेकांच्या शाळेत ठेवा, म्हणजे पोरांना पलीकडचा रस्ता पायाखालचा होईल. आणि पालकहो, तुमची मुलगी पलीकडच्या वस्तीत सरावाला जाते म्हणाली, तर पहिल्या दिवशी सोबत जा, तिथल्या आईशी बोला, फोन नंबर घ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला एकटीला जाऊ द्या.