रुग्णालयांतील धाकटा गुरु

वैद्यकीचें शिक्षण पुस्तकांकडून रुग्णाच्या खाटेकडे वळलें, तेव्हांपासून विद्यार्थ्याला दोन गुरु लाभले. एक व्याख्यानगृहांतील प्राध्यापक. दुसरा वॉर्डांत रात्रंदिवस राबणारा, वयानें थोडाच मोठा असा निवासी डॉक्टर. पहिल्याचें नांव कॉलेजच्या इतिहासांत येतें, दुसऱ्याचें सहसा येत नाहीं. तरी शीर कशी शोधावी, घाबरलेल्या नातेवाइकाशीं कसें बोलावें, हें विद्यार्थी बहुधा दुसऱ्याकडूनच शिकतो.

मुंबईंत आरंभीं हे दोन गुरु फारसे वेगळे नव्हते. १८२६ सालीं येथें देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली. ती १८३२ मध्यें बंद पडली. पुढें गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनीं वैद्यकीय महाविद्यालयाची कल्पना उचलून धरली. ते १८३८ मध्यें वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या औदार्यानें शेजारींच रुग्णालय उभें राहिलें. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे एडिंबरो व पॅरिस येथें शिकलेले. रुग्णापाशीं उभें राहून लक्षणें टिपावयाचीं, आणि शवविच्छेदनानें आपलें निदान पडताळावयाचें, ही त्या काळच्या पॅरिसची रीत होती. खाटेजवळ शिकविण्याचा तोच प्रघात मोरहेड यांनीं जे. जे. रुग्णालयांत पाडला. १८५१ मध्यें पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी लाड व आत्माराम पांडुरंग होते. एवढ्या लहान परिवारांत खुद्द प्राचार्यांची नजर प्रत्येक विद्यार्थ्यावर पडणें अवघड नव्हतें.

पुढें खाटा वाढल्या, विद्यार्थी वाढले. १८८९ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलें. तेथें विल्यम ऑस्लर यांनीं पदवीधर डॉक्टरांना रुग्णालयांतच राहावयास लावलें ('निवासी' हा शब्द तेव्हां अगदीं अक्षरशः खरा होता), आणि पुढें विद्यार्थ्यांनाहि वॉर्डांत कामास जुंपलें. मुंबईच्या रुग्णालयांत उतरंड निराळ्या नांवांनीं रचली गेली. वर ऑनररी, त्याखालीं रजिस्ट्रार, त्याखालीं हाउसमन, आणि सर्वांखालीं विद्यार्थी. ऑनररी फेरी आटोपून आपल्या खासगी दवाखान्याकडे जात. मागें वॉर्ड राही तो हाउसमनच्या हातीं. १९२६ मध्यें परळास के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोर्धनदास सुंदरदास कॉलेज हीं भारतीय अध्यापकांच्याच हातीं असावींत या आग्रहानें उभीं राहिलीं, आणि डॉ. जीवराज मेहता यांनीं त्यांची धुरा वाहिली. परकीयांची मक्तेदारी तेथें मोडली. उतरंड मात्र मोडली नाहीं.

या उतरंडींत निवासी डॉक्टरची स्थिति विलक्षण आहे. तो स्वतः विद्यार्थी, नोकर आणि शिक्षक. पण शिकविण्यासाठीं त्याला ना सवड, ना वेगळें वेतन. रात्रभर जागलेल्या अशा माणसापुढें सकाळीं तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी येऊन उभा राहतो. त्याचा हात धरून बरगडीखालीं वाढलेली प्लीहा दाखवावयास दोन मिनिटें पुरतात. रक्ताच्या नळ्या देऊन त्याला प्रयोगशाळेंत पिटाळण्यास तेवढींहि लागत नाहींत. रुग्णादेखत त्याचा पाणउतारा केला तर रुग्णहि पुन्हां त्याला हात लावूं देत नाहीं. पुढची शंका तो विद्यार्थी विचारीत नाहीं, आणि न विचारलेली शंका पुढें कोणा गरिबाच्या अंगावर शेकते.

ही केवळ स्वभावाची गोष्ट मानणें भाबडेपणाचें ठरेल. महाराष्ट्रानें १९९९ मध्यें रॅगिंगबंदीचा कायदा केला. तरी २०१९ सालीं मुंबईच्या नायर रुग्णालयांत आदिवासी समाजांतील एका तरुण निवासी डॉक्टरचा मृत्यु झाला. तिच्या वरिष्ठांवर जातीवरून छळ केल्याचे आरोप होऊन खटला भरला गेला. खालच्या पायरीवर जातहि ओझें होऊन बसते, हें त्या वेळीं साऱ्या महाराष्ट्रानें ऐकलें. त्याच वर्षीं देशांत नवा वैद्यकीय अभ्यासक्रम लागू झाला, आणि त्यांत वर्तन, नीति व संवाद यांना प्रथमच रीतसर तास मिळाले. ते तास वर्गांत भरतात. वॉर्डांत वेळापत्रक निवासी डॉक्टरचेंच चालतें.

आजचा विद्यार्थी कांहीं वर्षांनीं त्याच वॉर्डांत निवासी होऊन येतो. त्याच्या हाताखालीं नवी तुकडी दाखल होते, आणि सकाळची फेरी सुरू होण्यापूर्वीं रक्ताच्या नळ्या कोणाच्या हातीं द्यावयाच्या, हें आतां त्याला ठरवावें लागतें.