‘मिसफायर’ म्हणजे नेमकं काय? पिस्तुलाच्या सेफ्टीचा इतिहास आणि संशोधनाचा प्रश्न

1 ऑक्टोबर 2024 ची पहाट आठवते का? अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघायच्या तयारीत होता. जुहूच्या घरी परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी त्याच्या पायात घुसली, असं त्याच्या व्यवस्थापकाने माध्यमांना सांगितलं. बऱ्याच बातम्यांत एकच शब्द होता: ‘मिसफायर’. आणि लोकांचा प्रश्नही एकच: ‘सेफ्टी लावली नव्हती का?’

पेट किंवा नेट देऊन संशोधनाकडे वळणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. कारण शब्द चुकलाय, आणि त्यामुळे प्रश्नही चुकलाय.

मिसफायर म्हणजे चाप ओढला, पण काडतूस उडालंच नाही. इथे तर बरोबर उलटं झालं. नको असताना गोळी सुटणं हीसुद्धा एकच घटना नाही. शस्त्र पडून गोळी सुटते, हा एक प्रकार. ‘रिकामं आहे’ असं समजून कुणीतरी चाप ओढतो, हा दुसरा. कपडा, फांदी किंवा लहान मुलाचं बोट चापात अडकतं, हा तिसरा. आता इतिहास बघा. प्रत्येक सेफ्टी यातल्या एखाद्याच प्रकाराला उत्तर म्हणून आलेली आहे.

1873 चं कोल्ट रिव्हॉल्व्हर घ्या. त्यात हॅमरची टोकदार पिन थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेली असायची. हॅमरवर आपटलं की गोळी सुटणार. लोकांनी साधा उपाय काढला: सहा घरांत पाचच काडतुसं भरायची आणि हॅमर रिकाम्या घरावर ठेवायचा. पुढे दुसऱ्या महायुद्धात जहाजाच्या डेकवर रिव्हॉल्व्हर पडून एका अमेरिकन नौसैनिकाचा जीव गेला. त्यानंतर स्मिथ अँड वेसनने हॅमर अडवणारा आतला भाग नव्याने बनवला. 1973 मध्ये रुगर कंपनीने आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये अशी पट्टी बसवली की चाप ओढल्याशिवाय हॅमरचा मार पिनपर्यंत पोचतच नाही. बहुतेक रिव्हॉल्व्हरला हाताने लावायची सेफ्टी नसतेच. म्हणजे ‘सेफ्टी लावली होती का’ हा प्रश्न तिथे बहुतेक वेळा लागूच पडत नाही. विचारायचं असतं ते हे की पडल्यावर पिन अडवणारा भाग आत आहे का, आणि तो शाबूत आहे का?

पिस्तुलाची गोष्ट वेगळी. अमेरिकन लष्कराने 1911 मध्ये स्वीकारलेल्या कोल्ट पिस्तुलाला अंगठ्याने लावायची सेफ्टी आली ती घोडदळाच्या मागणीवरून. एका हातात लगाम, दुसऱ्यात भरलेलं पिस्तूल, अशा माणसासाठी ती सोय होती. पण ही सेफ्टी लावली तरी आतली पिन मोकळीच राहायची. नळी खाली करून जोरात आपटलं तर पिन स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन काडतुसावर आदळू शकते. 1980 च्या दशकात कोल्टने पिनसाठी वेगळा अडसर बसवला तो यासाठीच. म्हणजे बाहेरची सेफ्टी असूनही पडण्याचा धोका तिने पूर्ण संपवला नव्हता.

1982 मध्ये ऑस्ट्रियात ग्लॉक आलं. त्याला हाताची सेफ्टी नाही, पण आत तीन अडसर आहेत. पडून गोळी सुटण्याचा धोका त्याने खूप कमी केला. मात्र हे पिस्तूल साफ करायला खोलायचं तर आधी चाप ओढावा लागतो. चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी न बघता ओढला, तर यंत्र आपलं काम चोख करतं आणि गोळी सुटते! हा दुसरा प्रकार. बरं, हाताची सेफ्टी असती तरी काय झालं असतं? माणसाने ती आधी स्वतःच काढली असती. कारण त्याच्या मते पिस्तूल रिकामंच होतं.

मग सेफ्टीने अपघात टळतात की नाही, हे मोजायचं कसं? अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च 1991 मध्ये दिलेला अहवाल इथे शिकण्यासारखा आहे. त्यांनी ‘सेफ्टी चांगली की वाईट’ असं विचारलंच नाही. चुकून गोळी लागून झालेले मृत्यू एकेक करून घेतले आणि प्रत्येकाला विचारलं की कोणतं साधन असतं तर हा मृत्यू टळला असता? अंदाज असा निघाला: लहान मुलांना उघडता न येणाऱ्या सेफ्टीने 8 टक्के, आणि आत काडतूस आहे हे दाखवणाऱ्या खुणेने 23 टक्के मृत्यू टळले असते. म्हणजे खटक्यापेक्षा माहितीचं पारडं जड होतं. दोन्ही मिळून 31 टक्के. उरलेल्यांना यातलं एकही साधन पुरलं नसतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेच. सेफ्टीमुळे जी गोळी सुटलीच नाही, तिची नोंद कुठल्याच पोलीस ठाण्यात होत नाही. आणि एका पोलीस दलात सेफ्टीवालं पिस्तूल, दुसऱ्यात बिनसेफ्टीचं, अशी थेट तुलना केली तर प्रशिक्षण, सराव, शस्त्र बाळगण्याची पद्धत हे सगळंच वेगळं असतं. फरक खटक्याने पडला की सरावाने, कसं सांगणार?

म्हणून माझं उत्तर असं: हाताची सेफ्टी लावलेली असेपर्यंत अडकलेला चाप अडवते. पडलेलं शस्त्र अडवणं हे मुख्यतः आतल्या अडसराचं काम. आणि ‘रिकामं आहे’ हा गैरसमज कुठलाच खटका दूर करत नाही. तिथे मॅगझीन काढून, चेंबर उघडून बघणं आणि नळी माणसाकडे न धरणं, एवढंच कामाला येतं. एनसीसीत फायरिंग केलेल्यांना ही शिस्त माहीत आहे. शस्त्र रिकामं असल्याची तपासणी झाल्याशिवाय कुणी रेंजवरून हलत नाही. आपला कायदाही बोट ठेवतो ते माणसावरच: 2019 च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे किंवा वरातीत आनंदाने गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता तुमच्या संशोधन आराखड्याकडे या. त्यात ‘अमुक उपायाचा परिणाम’ असं शीर्षक असेल, तर आधी परिणाम म्हणून मोजली जाणारी घटना एकच आहे की तीन, हे तपासा. तीन असतील तर वेगवेगळ्या मोजा. नाहीतर आकडे गोळा कराल, सारण्या भराल, आणि शेवटी हातात ‘मिसफायर’सारखाच एक शब्द उरेल.