सांस्कृतिक ख्रिस्ती ओळख (युरोपीय राजकारणातील)

धर्मश्रद्धा किंवा नित्य उपासना नसतानाही बाप्तिस्मा, सणवार, घराण्याची रीत वा देशाचा इतिहास यांच्या आधारे स्वतःला ख्रिस्ती मानणे. खासगी आयुष्यात ही वृत्ती जुनी व निरुपद्रवी आहे. सत्ता ती हाती घेते तेव्हा पहिला आक्षेप पुष्कळदा श्रद्धावंतांकडूनच येतो.

प्यू रिसर्च सेंटरने २०१७ मध्ये पश्चिम युरोपातील १५ देशांत केलेल्या पाहणीत ९१ टक्के प्रौढांचा बाप्तिस्मा झालेला होता आणि ७१ टक्के स्वतःला ख्रिस्ती म्हणवत होते. महिन्यातून एकदा तरी चर्चला जाणारे फक्त २२ टक्के निघाले. मधल्या मोठ्या गटाला सरसकट नास्तिक म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यातल्या अनेकांचा बायबलमधील देवावर नसला, तरी कुठल्यातरी उच्च शक्तीवर विश्वास आहे. राजकीय पक्षांची भिस्त याच गटावर असते, कारण त्याला ओळख हवी असते आणि धर्माज्ञेचा जाच नको असतो.

इटलीतील सरकारी शाळांच्या वर्गात टांगलेल्या क्रूसाचा खटला (लाउत्सी विरुद्ध इटली) युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला, तेव्हा क्रूस हा इटलीच्या परंपरेचाही भाग असल्याची बाजू सरकारने मांडली. २०११ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. बव्हेरियाचे मुख्यमंत्री मार्कुस झ्योडर यांनी २०१८ मध्ये राज्यशासनाच्या कार्यालयांत दर्शनी भागी क्रूस लावण्याचा आदेश काढला. हे एका धर्माचे चिन्ह नसून बव्हेरियाच्या ओळखीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्युनिकचे आर्चबिशप कार्डिनल राइनहार्ड मार्क्स यांनी त्याला उघड विरोध केला. क्रूसाला केवळ सांस्कृतिक चिन्ह मानणाऱ्याला तो कळलेलाच नाही, ही त्यांची भूमिका. देहदंड झालेल्या येशूची खूण सरकारी दारावर ओळखपाटीसारखी लावली, की तिच्यातला दुःखितांचा कैवार हरवतो. मार्क्स यांचा आक्षेप म्हणूनच मोलाचा आहे.

सर्वांत बोलके उदाहरण हंगेरीचे. २०१२ पासून अमलात आलेल्या संविधानाने राष्ट्र टिकवण्यातील ख्रिस्ती धर्माची भूमिका मान्य केली. २०१८ च्या दुरुस्तीने ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षण हे शासनसंस्थांचे कर्तव्य ठरवले. मात्र २०११ च्या चर्चविषयक कायद्याने अनेक लहान पंथांची मान्यता काढून घेतली. त्यांत गाबोर इवान्यी या मेथॉडिस्ट पाद्र्यांचा पंथही होता. बुडापेस्टमध्ये बेघरांसाठी निवारे आणि गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या इवान्यींनीच एकेकाळी, त्या कायद्याच्या वेळी पंतप्रधान असलेल्या व्हिक्टर ओर्बान यांच्या दोन मुलांना बाप्तिस्मा दिला होता. पुढे ते ओर्बान यांचे कठोर टीकाकार झाले. मानवी हक्क न्यायालयाने २०१४ मध्ये हा कायदा धर्मस्वातंत्र्याचा भंग करणारा ठरवला; तरीही २०२२ च्या फेब्रुवारीत इवान्यींच्या सेवासंस्थेवर करखात्याची धाड पडली. संविधानात ख्रिस्ती संस्कृती आणि भुकेल्याला जेवू घालणाऱ्या पाद्र्याच्या दारात करखाते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे ओळख व श्रद्धा यांतले अंतर कळते. हंगेरीच्या २०२२ मधल्याच जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०११ च्या तुलनेत सुमारे दहा लाखांनी घटले होते, आणि धर्माच्या ऐच्छिक प्रश्नाला सुमारे ४० टक्के नागरिकांनी उत्तरच दिले नव्हते.